गळाच्या शर्यती आणि आपले तलाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तरेकडे मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या प्रांतांत सरोवरें इतकीं आहेत कीं, मिनेसोटा प्रांत स्वतःस दहा हजार सरोवरांचा प्रदेश म्हणवून घेतो. तेथील शेतकरी, कारागीर व दुकानदार सुटीच्या दिवशीं बायकामुलांसह सरोवराच्या कांठीं जमतात, ठराविक प्रवेश-फी भरतात, सकाळपासून दुपारपर्यंत गळ टाकून बसतात, आणि जमलेला पैसा एखाद्या रुग्णालयास, गांवच्या अग्निशामक दलास किंवा अपंग मुलांच्या संस्थेस देऊन घरीं जातात. आमच्या वाचकांस हें वाचून प्रथम हसूं येईल. मासे धरणें हा ज्याचा धंदा त्यानें तो करावा, त्यांत परोपकार कोठून आला, असें कोणी म्हणेल. माळकरी वाचक तर पानच उलटतील. त्यांस आमची विनंति कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग येथील धान ज्या तलावांच्या पाण्यावर उभें राहतें, त्या तलावांशीं या विषयाचा निकट संबंध आहे, आणि मासा न खाणाऱ्याचें शेतहि त्याच पाळीखालीं असतें.

या शर्यतींत ज्या माशाला सर्वांत मान, त्याचें नांव वॉलआय. हा गोड्या व थंड पाण्याचा मासा असून आपल्याकडे तो नाहीं, व आपल्या ऊन पाण्यांत तो टिकणारहि नाहीं. अंगानें लांबट, रंगानें सोनेरी-हिरवट, तोंडांत तीक्ष्ण दांत. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत बैलाचे डोळे जसे चमकतात तसेच याचे चमकतात. डोळ्याच्या आंत मागील बाजूस प्रकाश परतविणारा पडदा असल्यामुळें गढूळ पाण्यांत व तिन्हीसांजेस यास इतर माशांपेक्षां चांगलें दिसतें, आणि तीच वेळ साधून तो लहान माशांची शिकार करतो. याचें मांस पांढरें व चवीस सौम्य. मिनेसोटानें १९६५ सालीं यास आपला प्रांतिक मासा ठरविलें.

शर्यतीची रीत अशी. बहुधा दोघांची एक जोडी व तिची एक नाव. ठरल्या वेळीं सर्व नावा सुटतात, ठरल्या वेळेच्या आंत परत याव्या लागतात, आणि उशीर झाला तर वजनांत कपात होते. नावेंत पाणी खेळतें ठेवलेली एक पेटी असते. धरलेले मासे तींत जिवंत ठेवून कांठावर आणतात, ठराविक संख्येच्या माशांचें एकत्र वजन करतात व मेलेल्या माशाबद्दल दंड करतात. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं मासा मोजपट्टीवर ठेवून त्याचें छायाचित्र घ्यावयाचें व तेथेंच त्यास पाण्यांत सोडून द्यावयाचें, अशी चाल पडली आहे. मुलांकरितां धक्क्यावरून वेगळी शर्यत असते, व तींत बोटभर मासा लागला तरी टाळ्या वाजतात. मिनेसोटांतील ब्रेनर्ड गांवीं गल सरोवरावर तर हा मेळा ऐन जानेवारींत, गोठलेल्या पाण्यावर भरतो. बर्फास हजारों भोकें पाडून दहा हजारांच्या आसपास माणसें गळ सोडून बसतात, आणि मिळालेल्या पैशाचा मोठा भाग बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या एका शिबिरास जातो. हा क्रम १९९१ पासून चालत आला आहे.

जेथें बक्षीस मोठें तेथें लबाडीहि येते. ३० सप्टेंबर १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ३० सप्टेंबर २०२२ रोजीं ईरी सरोवराच्या कांठीं क्लीव्हलंड येथें एका शर्यतींत पहिल्या आलेल्या जोडीचे वॉलआय दिसण्यांत लहान व वजनांत भारी आढळले. पंचानें तेथेंच माशांचीं पोटें चिरलीं, तों आंतून शिशाचे गोळे बाहेर पडले. पुढें दोघांनींहि न्यायालयांत गुन्हा कबूल केला व १० दिवसांचा तुरुंगवास भोगला. ओल्या कापसाचें वजन करून पाहिलेल्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं.

परंतु आम्हांस या शर्यतींपेक्षां त्यांच्या मागचा एक झगडा अधिक महत्त्वाचा वाटतो. मिनेसोटांत मिल लॅक्स नांवाचें वॉलआयसाठीं प्रसिद्ध असें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठीं ओजिब्वे नांवाचे मूळ रहिवासी पूर्वापार मासे धरीत व उथळ पाण्यांत आपोआप उगवणारें रानधान झोडून नेत. १८३७ सालीं त्यांनीं आपली जमीन सरकारास दिली, पण तहांत शिकारीचा, मासेमारीचा व रानधान गोळा करण्याचा अधिकार राखून ठेविला. पुढें प्रांताचे सरकार म्हणूं लागलें कीं, तो अधिकार केव्हांच संपला. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांस वाटे कीं, जाळीं टाकणाऱ्या या लोकांमुळें आपला खेळ बुडेल. प्रकरण चढत चढत संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि मार्च १९९९ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल झाला कीं, ओजिब्वे लोकांचा अधिकार कायम आहे. त्याच प्रांतांतील रेड लेक या दुसऱ्या सरोवरांत बेसुमार मासेमारीनें १९९० नंतरच्या दशकांत वॉलआय जवळजवळ नाहींसा झाला. तेव्हां ओजिब्वे पंचायत व प्रांताचें सरकार यांनीं एकत्र बसून मासेमारी बंद ठेविली, पाण्यांत पिलें सोडलीं, आणि २००६ सालीं सरोवर पुन्हां उघडलें. खेळाचें पाणी व पोटाचें पाणी एकच असलें म्हणजे काय प्रसंग येतो, तें यावरून दिसतें.

आतां आपल्याकडे वळूं. वैनगंगेच्या खोऱ्यांतील तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन, असें उत्तेजन त्या राजांनीं दिलें, व कोहळी लोकांनीं तें काम अंगावर घेतलें, असें परंपरा सांगते. नवेगांव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याच्या नांवाशीं जोडला जातो. डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळीनें बुजवून एवढें पाणी अडविणारांस कोणत्या शाळेंत शिकविलें होतें, असा प्रश्न तेथें उभें राहिलें म्हणजे मनांत येतो. पुढें मालगुजारीच्या काळांत ही विद्या गांवोगांव पसरली. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाणी सोडावयास दगडी तुडूम, जास्तीचें पाणी जावयास सांडवा. आज ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचा संक्षेप करून लोक त्यांस मामा तलाव म्हणतात, व त्यांची संख्या सुमारें ६,८०० सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सरकारनेंहि घोडाझरी, आसोलामेंढा व रामटेकजवळचा खिंडसी असे मोठे तलाव बांधिले.

मालगुजारीचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या काळीं वेठहि होती आणि जुलूमहि होता. पण पाळीवर माती टाकावयास, तुडूम साफ करावयास व पाटाची झाडोरी काढावयास पाणी घेणारा प्रत्येक घरचा माणूस जाई, ही गोष्ट खरी. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारचे झाले. सरकारनें पाणीपट्टी मागितली. शेतकरी म्हणाले, आमचा निस्तार-हक्क आहे, पट्टी देणार नाहीं. सरकारनें दुरुस्तींत हात आखडला, शेतकऱ्यानें श्रमांत. पुढें लहान तलाव जिल्हा परिषदांकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. या ओढाताणींत पाळींस भगदाडें पडलीं, पात्रांत गाळ भरला, आणि कांठांवर बेशरमाच्या झुडपांनीं ठाण मांडलें. दोष एकट्या सरकारचा होता असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

या सर्व भांडणांत ज्याचें नांव कोणीच घेतलें नाहीं तो ढिवर. तलावाखालीं त्यास शेत नाहीं, किंवा असलेंच तर नांवापुरतें. त्याचें शेत म्हणजे पाणीच. डोंगा, जाळें, गळ व शिंगाड्याचा वेल यांवर त्याचा संसार, आणि धरलेला मासा टोपलींतून बाजारास नेणें हें त्याच्या घरच्या बाईचें काम. मासेमारीचा ठेका आतां बहुतेक ठिकाणीं त्यांच्या सहकारी संस्थांस मिळतो. पण तलावांत पाणीच राहिलें नाहीं, तर ठेक्याचा कागद चुलींत घालावयाच्याच कामाचा. आश्विनांत धान पोटऱ्यांत असतां पाऊस ओढ देतो, तेव्हां आपण तुडूम उघडतों. तें योग्यच आहे. मात्र त्यानंतर उन्हाळी पिकासाठीं मोटारी लावून तळाचें पाणीहि उपसतों, तेव्हां ढिवराचें वर्षाचें पीक आपण उभें कापून नेतों. गांवच्या सभेंत हें बोलून दाखविण्याची त्याची छाती होत नाहीं, कारण हंगामांत मजुरीस त्यास आपल्याकडेच यावयाचें असतें. तुडुमाच्या तळाखालचें पाणी कोणीहि उपसूं नये, एवढा एक ठराव पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीं केला, तर त्यांत आपलें फारसें जात नाहीं; विहिरींस पाझर राहतो, गुरांस वैशाखांत पाणी मिळतें, आणि मासा जगतो.

माशांविषयीं थोडें तपशिलानें लिहिणें जरूर आहे. तलावांत आज जे मासे विक्रीसाठीं वाढवितात ते मुख्यतः कटला, रोहू व मृगळ. हे वाहत्या नदीचे मासे असून साचलेल्या पाण्यांत ते अंडीं घालीत नाहींत. म्हणून पूर्वी त्यांचें बीज पुराच्या वेळीं नद्यांतून गोळा करून आणावें लागे, व त्यांत नको त्या जातींची भेसळ येई. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगूल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशांच्याच मस्तकग्रंथीचा अर्क टोंचून तळ्यांतील माशांस अंडीं घालावयास लाविलें. तेव्हांपासून मत्स्यजिरे व बोटुकली मागणीप्रमाणें मिळूं लागली. १० जुलै हा दिवस आतां देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या शोधानें उत्पन्न वाढलें यांत शंका नाहीं. पण त्याबरोबर दरवर्षीं बीज विकत घेण्याची पाळी आली, आणि तलावांत आपोआप वाढणाऱ्या जुन्या माशांकडे दुर्लक्ष झालें. त्यांपैकीं मरळ, मागूर व शिंगी हे हवेंत श्वास घेऊं शकतात, थोड्या पाण्यांत व चिखलांत दिवस काढतात, बाजारांत जिवंत विकले जातात, आणि किंमत कटल्याहून जास्त आणतात. मरळ मासा तर पावसाळ्यांत पाणवनस्पतींत घरटें करून पिलें मोठीं होईपर्यंत त्यांची राखण करतो. ती राखण करणारी जोडी धरली गेली, कीं सगळा थवा इतर माशांच्या पोटांत जातो. जलद वाढतो म्हणून कांहींनीं आफ्रिकेंतला मागूर आणला. यास बाजारांत थाई मागूर म्हणतात. तो इतर मासे फस्त करतो, म्हणून भारत सरकारनें २००० सालीं त्याच्या संवर्धनास बंदी घातली. तरीहि तो चोरून आणला जातो. असें बीज स्वस्त म्हणून कोणी देऊं केलें तर घेऊं नये.

अर्जुनी मोरगांवकडे श्री. मनीष राजनकर व त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढिवर लोकांच्या बरोबरीनें जें काम केलें, तें प्रत्येक तलावधारी गांवानें जाऊन पाहण्याजोगें आहे. त्यांनीं प्रथम वृद्ध ढिवरांस विचारलें कीं, कोणता मासा कोणत्या वनस्पतींत राहतो, कोणती खातो, कोठें अंडीं घालतो. मग तलावाच्या पात्रांतील बेशरम उपटून, उन्हाळ्यांत जमीन नांगरून, त्यांनीं जुन्या पाणवनस्पति पुन्हां लाविल्या. वनस्पति आल्या तसे गेलेले मासे व पक्षी परतूं लागले. कांठच्या उथळ पाण्यांत आपल्याकडेहि देवधान नांवाचें रानधान उगवतें. ओजिब्वे लोकांचें रानधान वेगळ्या जातीचें, पण त्या दोन कांठांवरचीं माणसें एकमेकांस सहज ओळखतील असें आम्हांस वाटतें. गाळ काढण्याच्या उत्साहांत यंत्रें लावून कांठ सरळ तासले, तर हा उथळ भाग नाहींसा होतो. २०१७ सालच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेंत आपल्या शेतांस पुष्कळ गाळ मिळाला, व तो उत्तम खत आहे. तथापि उतार राखून गाळ काढावा, हें यंत्रवाल्यास उभें राहून सांगावें लागतें.

अशा तलावांवर गळाची शर्यत भरवावी काय? गळाची हौस आपल्या देशांत नवी नाहीं. मुंबईस १८९१ सालीं बांधलेल्या पवई तलावावर हौशी लोक गळ टाकतात, व त्यांची संघटना १९५५ पासूनची आहे. नागपुरांतहि फुटाळा व अंबाझरीच्या कांठीं गळ टाकून बसलेलीं माणसें आमच्या वाचकांनीं पाहिलीं असतील. आमचें मत असें कीं, भरवावी. पण तींत पहिलें पाऊल ढिवरांच्या संस्थेच्या दारांत पडावें. ठेका त्यांचा, मासा त्यांचा. त्यांची संमति न घेतां शहरांतील प्रतिष्ठित मंडळींनीं तलावावर येऊन परोपकारार्थ मासे धरणें, म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यांतून पायली भरून दान केल्यासारखें आहे. प्रवेश-फीतून प्रथम संस्थेचा वाटा निघावा. उरलेल्यापैकीं कांहीं पाळ व तुडूम यांच्या डागडुजीस आणि कांहीं गांवांतील एखाद्या निराधार कुटुंबास द्यावें. हिशेब त्याच दिवशीं तलावाच्या पाळीवर वाचून दाखवावा, म्हणजे शिशाचे गोळे वहींत शिरणार नाहींत.

जेथें अभयारण्य आहे तेथें हा विचारच करूं नये. नवेगांवास व पेंचच्या तोतलाडोहांत वनखात्याचे नियम कडक आहेत, आणि ते कडक असण्यास कारण आहे. तोतलाडोहांत मध्यप्रदेश सरकारनें ३०५ आदिवासी कुटुंबांस मासेमारीचे परवाने दिले, त्याविरुद्ध एक प्राणिरक्षक संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली. ५ मार्च १९९७ च्या निकालांत न्यायालयानें परवाने रद्द केले नाहींत. मात्र छायाचित्रासह ओळखपत्र, धरलेल्या माशांची नोंद, कांठीं विस्तव पेटविण्यास मनाई अशा अटी घातल्या. पोटासाठीं मासा धरणारास जेथें इतक्या अटी, तेथें हौशी माणसानें शिरूं नये हें बरें.

हंगामाचा विचारहि महत्त्वाचा. ज्येष्ठ ते भाद्रपद हे माशांच्या विणीचे महिने, ते वर्ज्य. शिवाय पावसाळ्यांतलें पाणी धोक्याचें असतें. ९ जुलै २०१७ रोजीं नागपूरजवळ वेणा जलाशयांत सहलीस गेलेल्या तरुणांची नाव उलटली व त्यांतील बरेच बुडाले, ही हकीकत अजून विसरण्याजोगी नाहीं. मळणी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत, पाणी निवळलेलें असतें, माणसांस सवड असते व उन्हाचा त्रास नसतो. मुलें कांठावरूनच गळ टाकोत. डोंग्यांत बसणें ज्यास येतें त्यानेंच बसावें, आणि त्यानेंहि तरंगणारें जाकीट घातल्यावांचून बसूं नये. बक्षीस सर्वांत मोठ्या माशास ठेवलें तर जुनी मादीच मारली जाते; म्हणून जास्तींत जास्त जातींचे मासे ओळखून दाखविणाऱ्या मुलास पहिलें बक्षीस ठेवावें, व पंच म्हणून गांवांतला वृद्ध ढिवर बसवावा. नागपुरास तेलंगखेडी येथें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथील अध्यापक व विद्यार्थी बोलाविल्यास नोंद शास्त्रशुद्ध होईल, आणि तलावांत कोणता मासा उरला व कोणता गेला हें गांवास कागदावर मिळेल. दरवर्षीं त्याच तिथीस अशी नोंद झाली, तर पांच वर्षांत गांवाजवळ अशी वही तयार होईल, जी कोणत्याहि खात्याच्या दप्तरांत सांपडणार नाहीं.

मासा धरून पुन्हां सोडण्याची अमेरिकन चाल येथें कितपत चालेल, याविषयीं आम्हांस शंका आहे. त्यांचें पाणी थंड. आपल्या पाण्यांत गळ लागून दमलेला मासा घटकाभर टोपलींत राहिला तर बहुधा मरतोच, व मेलेला मासा पाण्यांत टाकणें आपल्या लोकांस वेडेपणाचें वाटेल. त्यापेक्षां लहान मासे लगेच सोडावे, मोठे ठेवावे, आणि त्यांची विक्री संस्थेच्या बायांनीं तेथेंच पाळीवर करावी. भाव त्यांनींच ठरवावा, घासाघीस करूं नये. दुपारीं सर्वांचें जेवण त्याच जागीं व्हावें. त्याच तलावाखालच्या चिन्नोराचा भात, त्याच तलावाचा मासा, आणि माळकऱ्यांसाठीं वेगळ्या चुलीवर भरल्या वांग्यांची भाजी.